बाबांचा ‘ओन्ली’ आणि आजीचा ‘च’



आपल्या शाळेला येताना हायवे सोडला की पहिल्याच सिग्नलला डावीकडची एक लेन लागते. तिथे रस्त्यावर पांढऱ्या रंगात डावीकडे वळलेला बाण काढला आहे, आणि त्याच्या सोबतीला भल्या मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला आहे : ‘ओन्ली’. दर शनिवारी आम्ही सहकुटुंब त्या लेनमध्ये दोन मिनिटे उभे असतो. दोन महिन्यांपूर्वी असेच उभे असताना मागच्या सीटवरून आमची बारा वर्षांची कन्या म्हणाली, “बाबा, हा रस्ता तुझ्यासारखं बोलतो. लेफ्ट ओन्ली!”

तिचा धाकटा भाऊ खो खो हसला. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतीही हसल्या. मग आम्हीही हसलो, कारण विनोद खरोखरच चांगला होता. सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही डावीकडे वळलो.

या विनोदाला थोडा पूर्वेतिहास आहे. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मोठ्या मुलांनी ‘देसी बाबा’ नावाचे एक प्रहसन केले होते. खिशाला पेन, अंगात स्वेटर आणि ओठांवर काजळाची मिशी असा एक बाबा त्यात होता आणि त्याचे प्रत्येक वाक्य ‘ओन्ली’ने संपत होते. “आय ॲम कमिंग फ्रॉम ऑफिस ओन्ली.” “धिस इज माय सीट ओन्ली.” सभागृह हसून लोटपोट झाले. सगळ्यात मोठ्याने पालक हसत होते, आणि त्यांत आम्ही पहिल्या रांगेत होतो.

पुढे महिनाभराने मुलीच्या शाळेत शिक्षिकेला भेटायला गेलो. बोलता बोलता आमच्या तोंडी वाक्य आले, “शी टोल्ड मी यस्टरडे...” आणि पुढचा शब्द ओठांवर असताना आमचे लक्ष मुलीकडे गेले. ती जमिनीकडे बघत होती. आम्ही तो शब्द गिळला. पुढची दहा मिनिटे आम्ही ‘येस’, ‘नो’ आणि ‘थँक यू’ यापलीकडे फारसे बोललो नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन वीस वर्षे झालेला, रोज ऑफिसात चार माणसांना कामे समजावून सांगणारा माणूस एका क्रियाविशेषणाला घाबरून गप्प बसला.

तेव्हापासून आम्ही या शब्दाच्या मागे लागलो. आम्ही भाषापंडित नाही. पण बिघाड सापडेपर्यंत एकेक ओळ तपासत बसण्याची सवय आमच्या धंद्याने लावली आहे. त्या तपासणीतून निघालेले आमचे मत थोडक्यात असे : मुलांनो, आमच्या ‘ओन्ली’ला जरूर हसा, पण तो तिथे का येतो हे समजून हसा. कारण त्या ‘ओन्ली’च्या पोटात मराठीतला एका अक्षराचा शब्द लपलेला आहे, आणि तो तुमच्या मराठीतून हळूहळू गळून चालला आहे.

आधी ‘ओन्ली’चे कूळ पाहू. हा शब्द इंग्रजीतल्या ‘वन’ या शब्दापासून निघाला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘एकासारखा’ असा होता. ‘अलोन’ म्हणजे ‘ऑल वन’, त्यातून ‘लोन’ आणि ‘लोनली’ आले. ‘वन्स’ही त्याच घरातला. आता आपल्या ‘एक’चे घर पाहा : एकच, एकटा, एकाकी, एकदा, एकुलता. ‘ओन्ली चाइल्ड’ला आपण ‘एकुलता एक’ म्हणतो. समुद्रापलीकडच्या दोन भाषा, पण दोघींनीही एका आकड्यातून असा सगळा संसार उभा केला आहे.

मराठीत ‘ओन्ली’साठी सरळ शब्द विचारला तर बहुतेक मुले ‘फक्त’ असे सांगतात. बरोबर आहे. हा ‘फक्त’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. ‘केवळ’ संस्कृतातून आला. आणि ‘मात्र’ची तर गंमतच आहे. ‘मात्र’चा मूळ अर्थ ‘तेवढेच’ असा, पण आज आपण तो जास्त करून ‘पण’ या अर्थी वापरतो : “सगळे आले, रमेश मात्र आला नाही.” इंग्रजी ‘ओन्ली’नेही नेमके हेच केले आहे. “आय वुड कम, ओन्ली आय ॲम बिझी” या वाक्यातला ‘ओन्ली’ म्हणजे ‘पण’. ‘एवढेच’ म्हणता म्हणता ‘पण’ म्हणायला लागणे ही माणसाच्या स्वभावातलीच गोष्ट असावी. आईवडिलांना तर ती चांगलीच ठाऊक आहे. “मी काही म्हणत नाही, फक्त...” असे सुरू झालेले वाक्य कुठे जाते हे घराघरात माहीत आहे!

पण मुलांनो, आमचा ‘ओन्ली’ हा ‘फक्त’चे भाषांतर नाही. तसे असते तर तो वाक्यात आधी आला असता, कारण ‘फक्त’ शब्दाच्या आधी बसतो : “फक्त मी”, “फक्त काल”. आमचा ‘ओन्ली’ शब्दाच्या नंतर येतो. शब्दाच्या नंतर, त्याला चिकटून, मराठीत कोण बसते? ‘च’. “मीच.” “कालच.” “इथेच.” आम्ही “यस्टरडे ओन्ली” म्हणतो तेव्हा आमच्या डोक्यात “कालच” असते. शब्द इंग्रजी, पण बैठक मराठी.

आणि ही खोड एकट्या मराठी माणसाची नाही. हिंदीत हे काम ‘ही’ करतो, गुजरातीत ‘ज’, आणि कोकणीत आपल्यासारखाच ‘च’. ही सगळी मंडळी शब्दाच्या मागे उभी राहणारी. हैदराबादकडच्या दखनीत “मैंच”, “ऐसाइच” ऐकू येते, ती मराठीच्या शेजाराची खूण मानतात. मुंबईच्या हिंदीतला “इधरीच” तर तुम्ही सिनेमात ऐकलाच असेल. एवढ्या भाषांची माणसे इंग्रजी बोलायला लागली, तेव्हा प्रत्येकाने आपल्या घरच्या जागी इंग्रजीतला मिळेल तो शब्द बसवला. तो ‘ओन्ली’ होता. भाषाशास्त्रज्ञ राकेश भट्ट यांनी २००० साली भारतीय इंग्रजीवर लिहिलेल्या एका निबंधात या ‘ओन्ली’चा विचार केला आहे. तो मनाला येईल तिथे पडत नाही, त्यामागे नियम आहे, असे दिसते. म्हणजे ज्याला आपण बावळटपणा समजून हसलो, त्याला व्याकरण आहे. मुंबईचे कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत भारतीय इंग्रजीची गंमत केली, तेव्हा हा ‘ओन्ली’ त्यांच्याही कानातून सुटला नव्हता. तेव्हा आपल्या दिवाळीच्या प्रहसनाची परंपरा तशी जुनी आणि थोरामोठ्यांची आहे!

बरे, ‘ओन्ली’ नंतर लावणे इंग्रजीला अगदीच अमान्य आहे का? मग तो रस्ता ‘लेफ्ट ओन्ली’ का म्हणतो? दुकानाच्या दारावर ‘एम्प्लॉईज ओन्ली’ आणि पेट्रोल पंपावर ‘कॅश ओन्ली’ का लिहितात? पाट्यांवर इंग्रजीसुद्धा ‘ओन्ली’ नंतरच लावते. भारतात चेक लिहिताना आम्ही रकमेपुढे ‘ओन्ली’ लिहायचो, म्हणजे पुढे कोणी शब्द वाढवू नये. मराठीतही “अक्षरी रुपये पाचशे फक्त” असेच लिहितात. ही रीत इंग्रजांकडचीच. अमेरिकेत तिथे सेंटचा अपूर्णांक लिहून पुढे रेघ ओढतात. आम्ही इथला पहिला चेक घरभाड्याचा लिहिला आणि सवयीने शेवटी ‘ओन्ली’ लिहून टाकले. बँकेने काही तक्रार केली नाही.

पाट्या सोडल्या तरी स्वतः इंग्रजांचे ‘ओन्ली’च्या जागेवर एकमत नव्हते. व्याकरणाचे कडक लोक म्हणत, ज्या शब्दाबद्दल बोलायचे त्याच्या अगदी शेजारी ‘ओन्ली’ हवा. रोजच्या बोलण्यात मात्र लोक तो क्रियापदाच्या आधी ठेवून मोकळे होतात. १९२६ साली फाउलर यांच्या इंग्रजी वापराच्या प्रसिद्ध कोशाने या लोकांचीच बाजू घेतली : अर्थाचा घोटाळा होत नसेल तर ‘ओन्ली’ त्याच्या नेहमीच्या जागी राहू द्या. थोडक्यात, ज्या शब्दाने त्यांच्यात भांडणे लावली तो शब्द आम्हाला परक्या देशात जमला नाही, तर ते फार मोठे पाप नव्हे.

आता मुलांसाठी एक खेळ. फळ्यावर हे वाक्य लिहा : “आईने बाळूला लाडू दिला.” आता एकच ‘च’ घ्या आणि तो एकेका शब्दाला लावत चला.

“आईनेच बाळूला लाडू दिला.” म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. जेवणाआधी गोड खायला कोणी दिले, याचा तपास इथे संपला.

“आईने बाळूलाच लाडू दिला.” म्हणजे ताईला मिळाला नाही, आणि ती कोपऱ्यात फुरंगटून बसली आहे.

“आईने बाळूला लाडूच दिला.” म्हणजे त्याने चकली मागितली होती.

“आईने बाळूला लाडू दिलाच.” म्हणजे बाबा नको नको म्हणत होते, तरी तिने देऊन टाकला.

शब्द तेच, क्रम तोच. एक अक्षर सरकले की घरातले सगळे राजकारण बदलते. इंग्रजीत पहिली तीन वाक्ये ‘ओन्ली’ची जागा बदलून करता येतात. पण चौथे ‘ओन्ली’ने होतच नाही. तिथे ‘गेव्ह’वर जोर द्यावा लागतो किंवा ‘डिड गिव्ह’ म्हणावे लागते. इंग्रजी बरेचसे काम आवाज चढवून करते आणि कागदावर आवाज दिसत नाही. आपला ‘च’ कागदावर दिसतो.

लिहिताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘च’ नेहमी शब्दाला जोडून लिहायचा आणि प्रत्यय लागून झाल्यावर शेवटी लावायचा : आई, आईने, आईनेच. आणि बोलताना तो ‘चमचा’मधल्या पहिल्या ‘च’सारखा नाही, तर ‘चाक’मधल्या ‘च’सारखा म्हणायचा. आपल्या वर्गातली पुष्कळ मुले “मीच” म्हणताना इंग्रजी ‘चेअर’मधला ‘च’ लावतात. जीभ दातांजवळ न्या, म्हणजे बरोबर जमेल.

आमच्या धंद्यात या ‘च’ला फार किंमत आहे. संगणकाला ‘इफ’ सांगणे आणि ‘ओन्ली इफ’ सांगणे यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मराठीत तो फरक एका अक्षराचा : ‘तर’ आणि ‘तरच’. “गृहपाठ केलास तर टीव्ही” म्हणजे गृहपाठ झाला की टीव्ही मिळेल, असे वचन आहे. “गृहपाठ केलास तरच टीव्ही” यात गृहपाठाशिवाय टीव्ही नाही एवढेच ठरले आहे. गृहपाठानंतर टीव्ही मिळेलच असे तर्कशास्त्राप्रमाणे त्यात कुठेही म्हटलेले नाही. हा मुद्दा आम्ही घरी एकदा मांडून पाहिला. मुलांनी तो एकमताने फेटाळला आणि त्यांच्या मातोश्रींनी त्यांना पाठिंबा दिला.

इथपर्यंत आम्ही आमच्या ‘ओन्ली’ची वकिली केली. आता कबुली. काही ठिकाणी आमचा ‘ओन्ली’ खरोखरच चुकतो, आणि ती चूक महागात पडते.

काही वर्षांपूर्वी एका ऑफिसात आमच्याकडे रोज निघणाऱ्या एका अहवालाचे काम होते. त्यात बेरीज चुकत होती. आम्ही सोमवारी सकाळी दुरुस्ती केली. गुरुवारी साहेबांनी विचारले, त्याचे काय झाले? आम्ही अभिमानाने उत्तर लिहिले, “इट वॉज फिक्स्ड ऑन मंडे ओन्ली.” आमच्या मनात होते, “अहो, ते तर सोमवारीच झाले!” साहेबांनी वाचले ते असे : सोमवारचा अहवाल तेवढा दुरुस्त झाला, बाकीचे दिवस अजून चुकताहेत. त्यांनी दोन माणसांना उरलेल्या दिवसांच्या चुका शोधायला बसवले. त्या दोघांचा अख्खा दिवस गेला. नसलेली चूक त्यांना कशी सापडणार? संध्याकाळी उलगडा झाला तेव्हा कोणी ओरडले नाही, पण एकाने नुसते आमच्याकडे पाहिले. ते पाहणे अजून आठवते.

यातली मेख समजून घ्या. “तो आठ वाजताच आला” असे मराठीत म्हटले तर ऐकणारा समजतो की तो लवकर आला. “ही केम ओन्ली ॲट एट” असे इंग्रजीत म्हटले तर ऐकणारा समजतो की तो उशिरा आला, आठपर्यंत आलाच नाही. तोच ‘च’, तोच ‘ओन्ली’, पण अर्थ नेमका उलटा! काळवेळाच्या बाबतीत आपला ‘च’ पुष्कळदा ‘एवढ्या लवकर’ म्हणतो आणि त्यांचा ‘ओन्ली’ ‘त्याआधी नाही’ म्हणतो. तिथे इंग्रजीत ‘ऑलरेडी’ म्हणावे. हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवले नाही. हे शिकवले आमच्या मुलीने, त्या रस्त्यावरच्या विनोदानंतर, जेवणाच्या टेबलावर. म्हणून पालकहो, मुले आपले इंग्रजी सुधारतात तेव्हा रागावू नये. पुष्कळदा त्यांचे बरोबर असते आणि त्यांची फी काही नसते.

पण मग उरलेला अर्धा व्यवहार कोणी करायचा? ती आमचा ‘ओन्ली’ सुधारते, तिचा ‘च’ कोण सुधारणार?

कारण ‘च’ हा नुसता ‘ओन्ली’ नाही. “आत्ताच आलो” यात तो ‘जस्ट’ आहे. “काहीच नाही” यात ‘ॲट ऑल’ आहे. “खूपच छान” यात तो ‘खूप’ला आणखी खूप करतो. “असंच” म्हणजे काही कारण नाही, सहज. आणि क्रियापदाला लागला की तो शब्द देतो, वचन देतो. “मी करीन” आणि “मी करीनच” यांत जे अंतर आहे, ते इंग्रजीतल्या कुठल्याही एका अक्षराने भरून निघत नाही. संत ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हाच्या मराठीतही हा होता. त्या वेळी त्याचे रूप ‘चि’ असे होते. सातशे वर्षांहून अधिक काळ आपली माणसे त्याच्यावर भार टाकून बोलत आली आहेत.

आमची आई साताऱ्याला असते. दर रविवारी सकाळी आमचा फोन असतो, चित्रासह. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने नातीला विचारले, “काय गं, यंदा सुट्टीत येणार ना?”

“हो आजी, येणार,” कन्या म्हणाली आणि खेळायला पळाली.

मग आई आम्हाला म्हणाली, “तिकिटं काढली नाहीत ना रे अजून?”

खरोखरच काढली नव्हती. यंदा जावे की पुढच्या वर्षी, यावर आमच्या दोघांत चार दिवस बोलणे चालले होते. पण आईला आम्ही त्यातले अवाक्षर सांगितले नव्हते. “तुला कसं कळलं?” आम्ही विचारले.

“पोरगी ‘येणार’ म्हणाली,” आई म्हणाली. “‘येणारच’ नाही म्हणाली.”

फोन ठेवल्यावर आम्ही मुलीला बोलावले. तिला आमच्या चर्चेचा पत्ताही नव्हता. उलट तिने आजीकडे न्यायच्या वस्तूंची यादीसुद्धा करून ठेवली होती. मग तू ‘येणारच’ का नाही म्हणालीस? ती म्हणाली, “मला ‘डेफिनेटली’ म्हणायचं होतं. पण आजीला इंग्लिश येत नाही ना, म्हणून नुसतं ‘येणार’ म्हटलं.”

मुलांनो, हे वाचताना क्षणभर थांबा. या मुलीला मराठी येत नाही असे कोणी म्हणणार नाही. तिला शब्द येतात, काळ येतात, लिंग-वचनात ती क्वचितच चुकते, परीक्षेत तिला चांगले गुण आहेत. तिच्या मनात शंभर टक्के होते, पण आजीपर्यंत सत्तरच पोचले. उरलेले तीस एका अक्षरात होते आणि ते अक्षर तिच्यापाशी नव्हते. आम्ही तिला ते कधी दिले नव्हते. ऐकून येईल असे आम्ही धरून चाललो होतो.

काही पालक म्हणतील, मुले शनिवारी दोन तास येतात, त्यात वाचन, लेखन, अंक, श्लोक, सण एवढे सगळे बसवायचे. आधी शब्दसंग्रह वाढू द्या, ही बारीक कलाकुसर पुढे बघू. शिक्षिकांची ओढाताण आम्ही पाहतो, त्यामुळे ही हरकत आम्हाला समजते. पण आम्हाला वाटते की ‘च’ ही कलाकुसर नाही. शंभर नामे माहीत असून ‘च’ नसेल, तर मूल माहिती सांगू शकते, पण हट्ट करू शकत नाही, वचन देऊ शकत नाही, भांडू शकत नाही. आणि आजी-आजोबांशी माणूस माहिती सांगण्यासाठी थोडाच बोलतो? शिवाय याला वेगळा तास लागत नाही, वही लागत नाही. पाच मिनिटे पुरतात.

तेव्हा आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, वर्गात दर शनिवारी सुरुवातीची पाच मिनिटे ‘च’चा खेळ व्हावा. फळ्यावर एक वाक्य लिहायचे, एका मुलाने हवा त्या शब्दाला ‘च’ लावायचा, आणि दुसऱ्याने अभिनय करून सांगायचे की आता काय झाले. लाडूचे वाक्य कंटाळवाणे झाले तर होमवर्कचे घ्या, भांडणाचे घ्या.

दुसरी, घरी मुलांनी आपल्या ‘ओन्ली’ला हसले की पालकांनी ओशाळू नये आणि रागावूही नये. एवढेच म्हणावे, “बरं, आता हेच मराठीत म्हणून दाखव.” त्याने आपले इंग्रजी दुरुस्त करायचे, आपण त्याचे मराठी. कोणी कोणाला लाजायचे कारण उरणार नाही. फिटंफाट.

तिसरी, ते प्रहसन बंद करू नये. या दिवाळीला त्याचा दुसरा अंक व्हावा. त्यात बाबा इंग्रजी अगदी नीट बोलेल, आणि मुलगा आजीशी ‘च’ नसलेले मराठी बोलेल. आजी विचारेल, “जेवलास का?” तो म्हणेल, “मी आत्ता जेवलो.” “आणखी वाढू?” “काही नको.” “रागावलास का?” “मी असं बोलतो.” बघा, प्रत्येक वाक्य व्याकरणात बसते, आणि तरी आजीला वाटेल की पोराचे काहीतरी बिनसले आहे! आम्ही पहिल्या रांगेत बसून हसायला तयार आहोत. या वेळी मुलांनीही हसावे.

त्या फोनच्या पुढच्या रविवारी आमच्या कन्येने स्वतःहून फोन हातात घेतला. “आजी,” ती म्हणाली, “मी येणारच.” ‘च’ थोडा ‘चेअर’मधला होता, पण होता. आई काही बोलली नाही. थोडा वेळ आम्हाला फोनमध्ये साताऱ्याच्या घरातला छताचा पंखा तेवढा दिसत होता. मग तिचा आवाज आला, “ये गं बाई.”

त्याच आठवड्यात आम्ही तिकिटे काढली. ‘च’ लावून झाल्यावर दुसरे काय करणार?

गेल्या शनिवारी शाळेला येताना पुन्हा तो सिग्नल लागला. लेनमध्ये तो पांढरा बाण आणि तो शब्द. मागून कन्या म्हणाली, “बाबा, डावीकडेच वळ हं.”

वळलो. दुसरा रस्ता नव्हताच.

— एक पालक